कमरेवरची रेषा : मुष्टियोद्ध्याची चड्डी आणि घरातली ‘बॉक्सर’

लंडनमध्ये १६ ऑगस्ट १७४३ रोजी मुष्टियुद्धाचे पहिले लेखी नियम मान्य झाले. ते करणारा जॅक ब्रॉटन स्वतः अव्वल मुष्टियोद्धा होता आणि शहरात त्याचा स्वतःचा आखाडा होता. त्याच्याशी झालेल्या लढतीनंतर जॉर्ज स्टीव्हन्सन हा प्रतिस्पर्धी दगावला आणि त्या मृत्यूच्या धक्क्यातून हे नियम आले, असे या खेळाचा इतिहास सांगतो. नियम सातच होते. सातव्यात म्हटले होते की खाली पडलेल्याला मारायचे नाही आणि प्रतिस्पर्ध्याची मांडी, चोळणा किंवा कमरेखालचा कुठलाही भाग धरायचा नाही.

म्हणजे या खेळाच्या पहिल्याच नियमावलीत कपड्याचा उल्लेख आहे आणि कमर ही कायद्याची सीमा ठरली आहे. कमरेच्या वर लढाई, खाली मनाई. ही सीमा पंचाला आणि प्रेक्षकाला स्पष्ट दिसावी, लढणाऱ्याचे पाय मोकळे राहावेत आणि कपडा दमाच्या ओढाताणीतही जागचा हलू नये, अशा तीन गरजा एकाच वस्त्राने भागवायच्या होत्या. ते साधायला पावणेदोनशेहून अधिक वर्षे गेली. ज्या युक्तीने ते साधले, तीच पुढे साध्या माणसाच्या अंतर्वस्त्रात शिरली. आज दुकानात ‘बॉक्सर’ म्हणून मिळणारी सैल चड्डी आणि रिंगमधल्या खेळाडूची चकचकीत चड्डी यांच्यातले नाते समजून घ्यायचे, तर त्या युक्तीचा माग काढायला हवा.

चोळण्याचे दिवस

ब्रॉटनच्या काळात खेळाचा वेगळा पोशाख नव्हताच. रोजचा गुडघ्यापर्यंतचा तंग चोळणा, त्याखाली लांब मोजे, पायांत बूट. फक्त सदरा उतरवायचा. तेव्हा मुठी उघड्या असत आणि लढतीत झोंबाझोंबीही चाले. कमरेच्या वर धरून प्रतिस्पर्ध्याला आपटणे नियमात बसत होते. अशा लढतीत हाताला सापडेल अशी कुठलीही वस्तू धोक्याची. १७९५ मध्ये जॉन जॅक्सनने डॅनियल मेंडोझाचे लांब केस एका हाताने धरले आणि दुसऱ्या हाताने त्याला ठोसे लगावले. मेंडोझा हरला. केसांची ही गत, तर सैल कपड्याची काय झाली असती? चोळणा अंगाला चिकटून असणे हा त्या काळी बचावाचाच भाग होता.

कोणाचा कोण हे ओळखण्यासाठी प्रत्येकाचा रंगीत रुमाल असे. लढतीआधी तो रिंगणाच्या खांबाला बांधला जाई. जेम बेल्चरचा निळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा रुमाल इतका गाजला की इंग्लंडमध्ये तसल्या रुमालालाच त्याचे नाव पडले. योद्ध्याची ओळख या काळात खांबावर होती, अंगावर नव्हती. ती पुढे कमरेवर येणार होती.

या जुन्या पद्धतीचा शेवट अमेरिकेत झाला. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपी राज्यातल्या रिचबर्ग इथे भर उन्हाळ्यात जॉन एल. सुलिव्हन आणि जेक किल्रेन समोरासमोर आले. ७५ फेऱ्या आणि दोन तासांहून अधिक वेळ ही लढत चालली. हेवीवेट गटातल्या अजिंक्यपदासाठी उघड्या मुठींनी झालेली ही शेवटची मोठी लढत. सुलिव्हनच्या अंगावर हिरवा चोळणा आणि लांब मोजे होते. ब्रॉटननंतर जवळजवळ दीडशे वर्षांनीही पोशाखाचा मूळ साचा तोच होता.

नियम बदलला, कपडा मोकळा झाला

बदलाची तरतूद मात्र कागदावर आधीच झाली होती. १८६७ मध्ये क्वीन्सबरीच्या मार्क्विसच्या नावाने नवे नियम प्रसिद्ध झाले. ते प्रत्यक्षात लिहिले जॉन ग्रॅहम चेंबर्स या क्रीडा संघटकाने. हातमोजे आले, तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिटाची विश्रांती आली. आणि आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुस्ती आणि मिठी मारणे यांवर बंदी आली.

या एका बंदीने कपड्याचे सगळे गणित बदलले. प्रतिस्पर्धी धरणार नसेल, तर कपडा तंग असण्याची गरज उरत नाही. लढाई आता हाताइतकीच पायांवर आली: पुढे सरकणे, मागे हटणे, बाजूला निसटणे. गुडघ्यांना जखडणारा चोळणा इथे अडचणीचा होता. ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये जेम्स कॉर्बेटने हातमोजे घालून सुलिव्हनला २१व्या फेरीत हरवले. ताकदीपेक्षा चपळाईवर भर देणाऱ्या नव्या खेळाचा हा विजय होता.

हाच कॉर्बेट पोशाखाच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे. १७ मार्च १८९७ रोजी नेवाडातल्या कार्सन सिटी इथे त्याची बॉब फिट्झसिमन्सशी लढत झाली आणि एनॉक रेक्टरने तिचे चित्रीकरण केले. तासाहून कितीतरी अधिक लांबीची ही फिल्म अमेरिकेत आणि बाहेर दाखवली गेली. कॉर्बेटची चड्डी त्या काळाच्या मानाने फारच तोकडी होती. एरवी रिंगपासून दूर ठेवल्या गेलेल्या स्त्रियाही मोठ्या संख्येने ती फिल्म पाहायला गेल्या. मुष्टियोद्ध्याचे शरीर आणि त्याचा तोकडा कपडा पहिल्यांदाच इतक्या लोकांच्या नजरेसमोर आला. ती लढत कॉर्बेट हरला तो पोटावरच्या ठोशाने. १४व्या फेरीत फिट्झसिमन्सची मूठ छातीच्या पिंजऱ्याखाली, पोटाच्या वरच्या खळग्यात बसली आणि कॉर्बेट उठू शकला नाही. पोटावरचा ठोसा अजिंक्यपद मिळवून देऊ शकत असेल, तर पोट कुठे संपते हे ठरवणाऱ्या रेषेचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

त्यानंतर तेरा वर्षांनी ही रेषा बोलायलाही लागली. ४ जुलै १९१० रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, रीनो शहरात जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता जिम जेफ्रीजसमोर उभा राहिला. गोऱ्या समाजाने जेफ्रीजला निवृत्तीतून परत आणले होते ते जॉन्सनला हरवण्यासाठीच. जॉन्सनने गडद चड्डीवर कमरेला अमेरिकेचा राष्ट्रध्वज बांधला होता. ज्या देशात त्याला समान नागरिक मानले जात नव्हते, त्या देशाचा ध्वज कमरेला बांधून तो उतरला आणि जिंकला. निकालानंतर अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले आणि माणसे मेली. खांबावरचा रुमाल आता कमरेवर आला होता.

शिंप्याच्या मुलाची युक्ती

पण जॉन्सनच्या काळापर्यंत चड्डी कमरेवर टिकवण्याचे साधन जुनेच होते: चामडी पट्टा, नाहीतर दोरी. चामडे घामाने भिजते. खोल श्वास घेताना पोट फुगते, श्वास सोडताना आत जाते. आवळून बांधलेला पट्टा दम कोंडतो आणि सैल बांधलेला घसरतो. घसरला की नियमाची रेषाच खाली सरकते.

उत्तर रबरात होते. लंडनच्या थॉमस हॅनकॉकने १८२० मध्येच हातमोजे, मोजे आणि सस्पेंडर यांच्यासाठी रबराच्या ताणपट्ट्यांचे पेटंट घेतले होते. पण कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्के करण्याची रीत शोधली आणि ही अडचण दूर झाली. पुढे रबराच्या बारीक धाग्यांवर सूत गुंडाळून विणलेले इलॅस्टिक सर्रास मिळू लागले.

ते रिंगमध्ये आणले जेकब गोलोम याने. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला हा शिंप्याचा मुलगा. वयाच्या १७व्या वर्षी, १९१० मध्ये, त्याने पोहण्याचे कपडे शिवायला सुरुवात केली. तेव्हाचे पोहण्याचे कपडे एक हंगामही धड टिकत नसत. गोलोमने वर्षभर टिकण्याची हमी दिली आणि आपल्या मालाला ‘एव्हरलास्ट’ हे नाव दिले. पुढे तो खेळाच्या सामानाकडे वळला. १९१९ मध्ये जॅक डेम्प्सीने जेस विलार्डला हरवून हेवीवेट अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्याच्या हातांत एव्हरलास्टचे मोजे होते. आणि १९२५ मध्ये गोलोमने चामडी पट्टा काढून टाकून रुंद इलॅस्टिकच्या कमरपट्ट्याची चड्डी तयार केली.

वरवर पाहता हा बदल छोटा वाटतो, पण ब्रॉटनच्या नियमाने उभे केलेले तिन्ही प्रश्न त्याने एकदम सोडवले. इलॅस्टिक श्वासाबरोबर ताणले जाते आणि परत येते, म्हणून दम कोंडत नाही आणि चड्डी घसरत नाही. कमर पक्की धरलेली असल्याने खालचा कपडा हवा तेवढा घेरदार ठेवता येतो आणि पाय मोकळे राहतात. आणि तो रुंद पट्टा पंचाला लांबूनही दिसतो. ज्या कारागिराचे नाव खेळाच्या इतिहासात क्वचितच घेतले जाते, त्याने खेळाच्या कायद्याला कापडात उतरवले.

या रेषेचे महत्त्व पाचच वर्षांत साऱ्या जगाला कळले. १२ जून १९३० रोजी न्यूयॉर्कमध्ये रिकाम्या असलेल्या हेवीवेट अजिंक्यपदासाठी जॅक शार्की आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग लढले. चौथ्या फेरीत शार्कीचा ठोसा कमरेखाली बसला. श्मेलिंग उठू शकला नाही आणि शार्की बाद झाल्याने श्मेलिंग जगज्जेता ठरला. असे अजिंक्यपद कोणालाच नको होते. न्यूयॉर्कच्या नियामक मंडळाने कमरेखालच्या ठोशाने लढत जिंकता येणार नाही असा नियम केला. चड्डीच्या आत जांघेचे संरक्षण करणारे जाड कवच घालणे या खेळात बंधनकारक झाले. त्या कवचाला जागा हवी, म्हणून चड्डी आणखी घेरदार आणि कमरपट्टा आणखी उंच झाला.

तीन वर्षांनी, ८ जून १९३३ रोजी, याच श्मेलिंगसमोर मॅक्स बेअर उतरला तो चड्डीवर ज्यू लोकांचा सहा कोनी तारा शिवून. जर्मनीत हिटलर सत्तेवर येऊन जेमतेम चार महिने झाले होते. बेअरने दहाव्या फेरीत लढत संपवली. चड्डीवरच्या एका चिन्हाने एवढे मोठे विधान केल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा प्रवाह : अंगाखालचे कपडे

या सगळ्या काळात साध्या पुरुषाचे अंतर्वस्त्र वेगळ्याच वाटेने चालले होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गळ्यापासून घोट्यापर्यंतचे, पुढे बटणे असलेले अखंड अंतर्वस्त्र रूढ झाले. ते ऊबदार होते, पण उन्हाळ्यात जीव नकोसा करणारे. पहिल्या महायुद्धात सैनिकांना उन्हाळ्यासाठी सुती कापडाच्या आखूड चड्ड्या मिळाल्या. त्यांना पुढे बटणे होती आणि माप कमी-जास्त करायला बाजूंना बंद होते. युद्धावरून परतलेल्या पुरुषांना पुन्हा त्या अखंड वस्त्रात शिरावेसे वाटले नाही.

म्हणजे सैल अर्धी अंतर्चड्डी ही मुष्टियुद्धाची देणगी नाही. ती सैन्यातून घरी आली. रिंगने तिला दोन गोष्टी दिल्या: कमरेचे इलॅस्टिक आणि नाव. बटणे आणि बंद जाऊन इलॅस्टिक आले, चड्डी मुष्टियोद्ध्यासारखी दिसू लागली आणि ‘बॉक्सर’ म्हणवली गेली.

पण तिला लगेच प्रतिस्पर्धी भेटला. १९ जानेवारी १९३५ रोजी शिकागोच्या मार्शल फील्ड या मोठ्या दुकानात विस्कॉन्सिनमधल्या कूपर्स कंपनीने आखूड, अंगाबरोबर बसणारी, पाय नसलेली नवी चड्डी विक्रीला ठेवली. तिचा आराखडा होता आर्थर नायब्लर याचा आणि नाव होते ‘जॉकी’. त्या दिवशी शहरात हिमवादळ होते. अशा हवामानात इतके तोकडे वस्त्र दर्शनी काचेत मांडणे बरे दिसणार नाही म्हणून ते हटवायचे ठरले, पण त्याआधीच सहाशे नग संपले. तीन महिन्यांत तीस हजार खपले. आधार देणारी चड्डी लोकांना हवी होती, आणि सैल बॉक्सर नेमका तो आधार देत नव्हता. रिंगमधल्या खेळाडूला ही उणीव जाणवत नसे, कारण त्याच्या आत कवच असे. घरातल्या माणसाकडे ते नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाने घड्याळ काही वर्षे मागे फिरवले. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज जिंकले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा जवळजवळ थांबला. सैनिकांच्या चड्ड्यांवर पुन्हा बटणे आणि बंद आले. कमरेचे इलॅस्टिक किती दूरच्या झाडांवर अवलंबून होते, हे युद्धाने दाखवून दिले.

बॉक्सरचे खरे पुनरागमन १९८५ च्या ब्रिटनमध्ये झाले. लिवाइजच्या जीन्सच्या जाहिरातीत निक कामेन हा तरुण धुलाईच्या दुकानात येतो, कपडे काढून यंत्रात टाकतो आणि पांढऱ्या बॉक्सरवर शांतपणे बसून राहतो. जाहिरात करणारे जॉन हेगार्टी यांनी पुढे सांगितले की आधी आखूड चड्डी ठरली होती, पण जाहिरातींवर देखरेख करणाऱ्यांनी ती नाकारली. त्यामुळे बॉक्सर आली, आणि जीन्सबरोबर तिचाही खप प्रचंड वाढला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅल्विन क्लाइनने बॉक्सरची लांबी आणि जॉकीचा घट्टपणा एकत्र केलेली चड्डी लोकप्रिय केली. १९९४ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांना दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमात एका तरुणीने विचारले की तुम्ही यांतले काय घालता, आणि त्यांनी उत्तरही दिले: बहुधा आखूड चड्डी.

दोन वस्त्रे, शेजारी शेजारी

आज ही दोन वस्त्रे शेजारी ठेवली तर नाव सोडून जवळजवळ सगळेच वेगळे दिसते. रिंगमधली चड्डी साटीनची किंवा पॉलिएस्टरची: हलकी, गुळगुळीत, दिव्यांच्या झोतात चमकणारी. घरातली बॉक्सर सुती, घाम टिपणारी, वारंवार धुता येणारी. रिंगमधला कमरपट्टा चार-चार बोटे रुंद, इलॅस्टिकच्या अनेक ओळींनी शिवलेला, घरातला बोटभर. घरातल्या बॉक्सरला पुढे उघडझाप असते. रिंगमधल्या चड्डीला ती नसते, कारण आत कवच आहे आणि लढतीत काहीही उघडे पडून चालणार नाही. रिंगमधल्या चड्डीला पाय उचलता यावेत म्हणून बाजूंना चिरा असतात. आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे एक दिसण्यासाठी आहे, दुसरी झाकलेली राहण्यासाठी.

दिसण्याची ही जबाबदारी दूरचित्रवाणीने वाढवली. कृष्णधवल पडद्यावर दोघे ओळखू यावेत म्हणून एकाला गडद आणि दुसऱ्याला फिकट चड्डी घालावी लागे. मुहम्मद अलीची काळ्या काठाची पांढरी चड्डी जगभर त्याची ओळख झाली. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी वीस वर्षांचा माइक टायसन ट्रेव्हर बर्बिकसमोर काळ्या चड्डीतच उतरला, बर्बिकने तोच रंग निवडलेला असतानाही. त्याबद्दल टायसनला पाच हजार डॉलर दंड झाला. त्याच रात्री तो इतिहासातला सर्वांत तरुण हेवीवेट विजेता ठरला.

आणि ब्रॉटनची रेषा अजूनही निकाल लावते. ११ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये पोलंडचा आंद्रे गोलोटा रिडिक बो याच्यावर गुणांनी आघाडीवर होता, पण वारंवार कमरेखाली ठोसे मारल्याने तो बाद झाला. डिसेंबरमधल्या दुसऱ्या लढतीतही पुन्हा तेच घडले. आजही लढत सुरू होण्याआधी पंच दोघांच्या कमरपट्ट्याकडे बोट दाखवून सीमा कुठे हे सांगतो, कारण चड्डी वर ओढून सीमा उंचावण्याचा मोह खेळाडूंना होतो.

महिला खेळाडूंनाही या वस्त्रासाठी भांडावे लागले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे मुष्टियुद्ध पहिल्यांदा आले. त्याआधी जागतिक संघटनेने महिलांना स्कर्ट घालायला लावण्याचा विचार पुढे रेटला होता. आयर्लंडच्या केटी टेलरसह अनेकींनी विरोध केला आणि अखेर निवड खेळाडूवर सोडली गेली. टेलर चड्डीतच लढली आणि सुवर्णपदक जिंकली. त्याच स्पर्धेत मेरी कोमने भारतासाठी कांस्य मिळवले.

मुंबईचा या खेळाशी संबंध जुना आहे. मुंबई इलाख्यात हौशी मुष्टियुद्धाची संघटना १९२५ मध्ये, गोलोमच्या चड्डीच्याच वर्षी, स्थापन झाली, आणि १९५० मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. आपल्या घरांत मात्र सैल चड्डी आधीपासूनच होती: पट्ट्यापट्ट्यांची, नाड्याची. आखाड्यातल्या पैलवानाला आधार देणारा घट्ट लंगोट वेगळा आणि घरातली मोकळी चड्डी वेगळी, हा विवेक आपल्याकडे कायम राहिला.

तोच विवेक आज मुष्टियुद्ध शिकू पाहणाऱ्या मुलामुलींनी ठेवावा. नाव सारखे आहे म्हणून घरातली बॉक्सर घालून रिंगमध्ये उतरू नये. तिच्यात कवचाला जागा नाही आणि तिचा पट्टा सीमा दाखवत नाही. या दोन वस्त्रांत सामाईक आहे ते कमरेचे इलॅस्टिक, आणि ते दोघींना मिळाले जेकब गोलोममुळे. मुष्टियुद्धाचा इतिहास लिहिताना सुलिव्हन, जॉन्सन आणि अली यांच्याबरोबर ब्राँक्सच्या या शिंप्याच्या मुलाचेही नाव घेतले गेले पाहिजे.